पाकिटाची मागची बाजू

"मॅडम, एक्सपायरी बघताय का? माल आजच लावलाय, एकदम ताजा आहे."

सुपाच्या पाकिटांसमोर मी दहा-बारा मिनिटं तरी उभी असेन. नाकावर जवळचा चष्मा, एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात मोबाइलची बॅटरी. रॅक लावणाऱ्या त्या मुलाला माझी दया आली असावी.

"नाही रे, गहू बघतेय."

"गहू? तो तिकडं, तेलाच्या पलीकडं. पोत्यात आहे."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. गहू पोत्यात असतो. टोमॅटो सुपाच्या पाकिटात कुणी गहू शोधायला जात नाही. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत मीही गेले नव्हते.

लेक बारावीला होती. हिमोग्लोबिन आठच्या वर सरकेना. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, खजूर झाले, गुळाच्या भांड्यापासून लोखंडी कढईपर्यंत सगळं झालं. तोंडात सारखे फोड, पोट फुगलेलं आणि अंगावर मांस नाही. बारावीचा ताण, असं सगळे म्हणत होते आणि मीही म्हणत होते. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्ताची एक वेगळीच तपासणी लिहून दिली, टीटीजी नावाची. तिचा आकडा आल्यावर एंडोस्कोपीची तारीख ठरली आणि बाईंनी बजावलं, "बायोप्सी होईपर्यंत पोळी बंद करायची नाही हं. गहू पोटात नसेल तर तपासणीत काही दिसणार नाही." मधल्या तीन आठवड्यांत माझ्या पोरीनं पावभाजी, सामोसे, खारी, नानकटाई, शिरा असं जे समोर आलं ते खाऊन घेतलं. तिला कळलं होतं. मला कळायचं होतं.

रिपोर्ट आला. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात आणि अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. तिचे झिजून सपाट झाले होते. सिलिअ‍ॅक. गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर चाल करून जातं. त्याला औषध नाही, पथ्य आहे. गहू, जव आणि राय नावाचं गव्हासारखंच एक धान्य बंद, आणि तेही जन्मभरासाठी.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाकाची कुणालाच इच्छा नव्हती. आमच्याकडे आजारी माणसाला, परीक्षेवरून आलेल्या मुलाला, पावसात भिजलेल्याला एकच गोष्ट मिळते, ती म्हणजे पाकिटातलं टोमॅटो सूप आणि वर लोण्याचा गोळा. मी पाणी उकळायला ठेवलं. निदान सूप तरी घेऊ दे पोरीला. लेक ओट्याजवळ आली, पाकीट उचललं, उलटं केलं, वाचलं आणि म्हणाली, "आई, यात मैदा आहे."

पाणी उकळत राहिलं. गॅस बंद करायचं मला सुचलंच नाही.

पोळी गेली याचं दुःख झालं, पण ते कळण्यासारखं होतं. पोळी काही लपवत नाही, ती ताटात गहू म्हणूनच येते. सुपाचा मात्र मला राग आला. पाकिटावर लालभडक टोमॅटो, त्यावर दवाचे थेंब, शेजारी तुळशीचं नाही तर बेझिलचं पान, आणि मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर'. पंधरा वर्षं हे पाकीट आमच्या डब्यात होतं. मी त्याची मागची बाजू एकदा वाचली होती, ती 'तीन कप पाण्यात' एवढीच.

मग वाचायला लागले. एखादी भाषा शिकावी तसं.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की सूप विकत घेतो तेव्हा आपण मुख्यतः दाटपणा विकत घेतो. टोमॅटोची पूड पाण्यात टाकली तर ते लाल पाणीच होतं. ते चमच्यावर टिकायला हवं, जिभेवर मऊ लागायला हवं आणि पाच मिनिटांत गुठळी न होता घट्ट व्हायला हवं. फ्रेंच पद्धतीच्या सुपात हे काम लोण्यात भाजलेला मैदा करतो. मशरूमचं क्रीम सूप तर बहुतेक ठिकाणी त्यावरच उभं असतं. कारखान्यांनी ती रीत घेतली, कारण मैदा स्वस्त, सगळीकडे मिळणारा आणि चवीला गुपचूप. काही कंपन्या त्याऐवजी मक्याचं स्टार्च वापरतात. काही 'मॉडिफाइड स्टार्च' वापरतात, म्हणजे गरम-गार केलं तरी पाणी सोडू नये म्हणून मुद्दाम बदललेलं स्टार्च. ते यादीत १४२२ किंवा १४४२ अशा आकड्यांत येतं. पहिल्यांदा हे आकडे बघून मी घाबरले होते. आता ते दिसले की उलट बरं वाटतं, मात्र ते कशाचं हे शेजारी लिहिलेलं असलं तर. मका किंवा टॅपिओका, म्हणजे साबुदाण्याचा कंद, असेल तर काही अडत नाही. ६२७, ६३१ हे चव वाढवणारे, ३३० म्हणजे लिंबातलं आम्ल, ४१५ म्हणजे झँथन गम. ही सगळी मंडळी इतर कुणाला आवडोत न आवडोत, आमच्या दारात त्यांना मज्जाव नाही. जगभर लोक 'आकडे नसलेलं' अन्न शोधतात आणि आमच्या घरात आकडा चालतो, पीठ चालत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे गहू स्वतःच्या नावानं येतोच असं नाही. मांचाव आणि हॉट अँड सावर ही दोन सुपं लेकीची लाडकी. मांचाववरचे तळलेले नूडल्स डोळ्यांना दिसतात तरी. पण दोन्हींत सोया सॉस असतो, आणि सोया सॉस करताना सोयाबीनबरोबर गहूही आंबवतात हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. जव येतो तो माल्ट होऊन, म्हणजे मोड आणून वाळवलेला. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट बिअरच्या कारखान्यातून उरलेल्या यीस्टचं असेल तर त्याच्या मागोमाग जव येतो. 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' हे तर बुरखा घातलेलं नाव. त्यातलं व्हेजिटेबल सोया असेल, शेंगदाणा असेल, मका असेल, नाहीतर गहू. ओट्सचं वेगळंच. तो जातीनं फारसा वाईट नाही, पण शेतापासून गिरणीपर्यंत सतत गव्हाच्या संगतीत असतो.

आपल्याकडच्या कायद्यानं एक चांगलं काम केलं आहे, ते सांगायला हवं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलच्या नियमांप्रमाणे ग्लुटेन असलेलं धान्य वापरलं असेल तर ते वेगळं जाहीर करावं लागतं. यादीच्या खाली 'कन्टेन्स व्हीट' असं ठळक दिसलं की सगळं रामायण वाचायची गरज नाही, पाकीट परत रॅकवर. शोधायला लागणारा वेळ त्यामुळे निम्मा झाला. त्रास देते ती दुसरी ओळ, 'मे कन्टेन'. म्हणजे आम्ही घातला नाही, पण त्याच मशीनवर गव्हाचंही काही बनतं, आलाच असेल तर सांगून ठेवलं. ही ओळ निदान प्रामाणिक तरी आहे. ती नसली म्हणजे मशीन वेगळं आहे असं मात्र समजायचं नाही.

आणि 'ग्लुटेन फ्री' असं छापायचं असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन हवं. आपल्याकडे, अमेरिकेत, युरोपात हा आकडा एकच आहे. मी आधी चिडले होते. फ्री म्हणजे शून्य ना? मग वीस कुठून आले? नंतर एका रात्री कागद-पेन घेऊन बसले. एका पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते, तिच्यात अंदाजे ३ ग्रॅम ग्लुटेन, म्हणजे ३००० मिलिग्रॅम. इटलीतल्या डॉक्टरांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर रुग्णांच्या आतड्यावर परिणाम दिसला होता. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा साठावा भाग. पोळी तोडताना ताटात पडतो त्या चुऱ्याएवढा. आणि २० च्या नियमात बसणारं सूप घेतलं तर ५० ग्रॅमच्या पाकिटात जास्तीत जास्त १ मिलिग्रॅम. हे गणित मांडल्यावर मला झोप लागली. त्याच गणितानं दुसऱ्या दिवशी पोळीचा पोळपाट आणि भाकरीची परात वेगळी केली, हेही खरं.

'ग्लुटेन फ्री' छापलेलं सुपाचं पाकीट आमच्या भागात मिळणं मात्र अवघड होतं. बिस्किटं मिळतात, पिठं मिळतात, पास्ताही मिळतो. सूप म्हटलं की दुकानदार 'मॅडम, सुपात कुठला गहू' म्हणून हसतो. यादीत गहू नाही, पण खाली काहीच लिहिलेलं नाही, असं एक पाकीट सापडलं तेव्हा मी मागच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीनं अतिशय गोड आवाजात मला तीच यादी वाचून दाखवली. मी म्हटलं, बाळ, हे माझ्याही हातात आहे, मला मशीनचं सांग. ती म्हणाली, "मॅम, आपल्या क्वेरीची नोंद झालेली आहे." आठ दिवसांनी मेल आली. तिच्यात पुन्हा तीच यादी होती. त्या मुलीचा काय दोष? तिला मशीन कुठे दिसत होतं. मी ते पाकीट आणलं नाही, एवढंच.

मग एक दिवस सूप न घेताच सुपानं गाठलं. नात्यातलं केळवण होतं. लेकीसाठी मुद्दाम ज्वारीची भाकरी, वेगळा तवा, वेगळं पातेलं अशी इतकी काळजी घेतली होती की मला भरून आलं. पनीरची भाजी सुरेख झाली होती. लेकीनं दोनदा घेतली. हात धुताना मी सहज विचारलं, रश्शाला काजू लावलेत का? "छे गं, काजू कोण वाटत बसतंय. टोमॅटो सूपचं एक पाकीट टाकते. रंगही येतो आणि दाटही होतं." पुढचे दोन दिवस पोरगी अंथरुणात होती. मी त्या घरी आजतागायत सांगितलेलं नाही. काय सांगणार? पाकिटाची मागची बाजू मीही पंधरा वर्षं वाचली नव्हती. पण तेव्हापासून कुणाकडे जेवायला गेलं की मी 'गहू आहे का' असं विचारत नाही, 'यात पाकिटातलं काय काय घातलंय' असं विचारते. प्रश्न जरा उद्धट वाटतो. लेक तेव्हा दुसरीकडे बघते.

तिला सगळ्यात जास्त त्रास या विचारण्याचाच होतो, हे मला उशिरा समजलं. न खाण्याचा तितका नाही.

माझी भाची इंग्लंडमध्ये असते. तिकडे घटकांच्या यादीत गहू, जव, दूध असले शब्द मधेच ठळक अक्षरांत छापतात, शिवाय कणसावर काट मारलेलं एक चिन्ह असतं. ते दिसलं की पाकीट थेट टोपलीत. ती सांगते की अमुक दुकानात एक आख्खी रांगच असल्या पाकिटांची असते. गेल्या वर्षी येताना तिनं सुपात घालायच्या वड्या आणल्या, काट मारलेल्या कणसाच्या. लेकीनं त्या वड्या इतक्या जपून वापरल्या की शेवटच्या दोन वड्यांची तारीखच उलटून गेली. इथे असं चिन्ह सहसा का दिसत नाही, म्हणून मी पूर्वी चिडायचे. आपल्याकडे हा आजार उत्तरेत जास्त. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत राजधानीच्या परिसरात ९६ माणसांमागे एकाला तो सापडला होता. दक्षिणेत फार कमी. आपण मध्ये. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की महाराष्ट्रात आता जास्त दिसायला लागला आहे, बघायला लागलो म्हणूनही असेल आणि पोळी रोजची झाली म्हणूनही असेल. माझी आजी देशावरची. तिच्या घरी गहू म्हणजे सणाची पोळी आणि पाहुणा. रोजची भाकरीच.

आता कुणी म्हणेल, मग सोडा ती पाकिटं, आपलं जुनं करा. मलाही पुष्कळांनी सांगितलं. "आपल्याकडे काय कमी आहे? सार करा, कढण करा, आंबील करा." खरंच कमी नाही. मुगाचं कढण, टोमॅटोचं सार, नाचणीची आंबील, कटाची आमटी, पेज, सोलकढी, कशातच गहू नाही. मोठ्या उत्साहानं पहिल्याच आठवड्यात साराला फोडणी दिली, हिंगाची डबी उघडली आणि आता सवय झाली होती म्हणून उलटी करून वाचली. खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. याच क्रमानं.

शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो तसा सहसा कुणी वापरत नाही. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानकडून त्याचा चीक येतो आणि इथे तो पिठात आणि डिंकात मिसळून आपल्या डबीत येतो. आपल्याकडे त्याची लागवडच नव्हती. हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात पहिलं रोप लावलं ते ऑक्टोबर २०२० मध्ये. तर माझ्या वरणाला, आमटीला, साराला, कढीला, लोणच्याला, जे जे म्हणून आपलं जुनं आणि साधं, त्याला मी इतकी वर्षं चिमूट चिमूट गहू घालत होते. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, पण शोधावा लागतो.

हिंगानंतर मेतकूट. आजारी माणसाला मऊ भात आणि मेतकूट देतात. त्याच्या भाजणीत हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ, आणि पुष्कळ घरांत मूठभर गहू. थालिपिठाच्या भाजणीतही तेच. 'आपलं जुनं' हे असं आहे. ते पाकिटात नव्हतं, त्यामुळे त्याला मागची बाजूच नव्हती.

सुपाच्या इतिहासात मी कशी शिरले ते आता आठवत नाही. रात्री झोप न येणाऱ्या बायका काय वाटेल ते वाचतात. पण एक माणूस मला तिथे भेटला तो ज्युलिअस मॅगी. हो, तोच मॅगी. आपल्याकडे ज्याच्या नावाचा अर्थच मैद्याच्या शेवया असा झाला आहे. हा स्वित्झर्लंडमधला गिरणीवाला. केम्पटाल गावची वडिलांची गिरणी त्याच्याकडे आली, पण धंदा बसत चालला होता. त्याच सुमाराला फ्रिडोलिन शूलर नावाचे कारखाने तपासणारे डॉक्टर सांगत होते की गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना रांधायला वेळ नाही, त्यांच्या घरात पोटभर सकस अन्न शिजत नाही, तर कडधान्यांचं स्वस्त आणि झटपट शिजणारं काहीतरी हवं. मॅगीनं वाटाणा आणि घेवड्याच्या जातीच्या दाण्यांची पिठं केली आणि १८८६ साली त्यांची तयार सुपं बाजारात आणली. त्याच्या आधी जर्मनीत वाटाण्याच्या पिठाचं, चरबी-कांदा घालून वळलेलं लांबट सूप निघालं होतं. १८७० च्या फ्रान्सबरोबरच्या युद्धात प्रशियाच्या, म्हणजे जर्मन, शिपायांच्या पाठपिशवीत ते असायचं. पुढे नॉर कंपनीनं ते २०१८ पर्यंत विकलं.

म्हणजे पाकिटबंद सुपाचा जन्म डाळीच्या पिठातून झाला. वेळ नसलेल्या बाईसाठी. हे वाचलं आणि मला कुडाळची मावशी आठवली.

मावशीकडून दरवर्षी कुळथाचं पीठ येतं. कुळीथ भाजायचे, भरडायचे, साल पाखडून काढायचं आणि दळायचं. रात्री उशिरा दमून आलं की पाण्याला लसणीची फोडणी, हिरवी मिरची, दोन आमसुलं, त्यात पाण्यात कालवलेलं पीठ ओतायचं आणि ढवळत राहायचं. दहा मिनिटांत पिठी तयार. मऊ भातावर घ्या नाहीतर वाटीतून प्या. कोकणातल्या बायकांनी हे पाकीट मॅगीच्या कितीतरी आधी काढलं होतं, फक्त त्यावर दवाचे थेंब नव्हते.

मी आनंदानं मावशीला फोन केला आणि मग नको तो प्रश्न विचारला. मावशी, हे तू दळतेस कुठे?

"गिरणीत. आणि खंय?"

"त्या गिरणीत गहू दळतात का गं?"

"गहू दळूक कोण येता हंय?"

पलीकडचा आवाज जरा चढला होता. मी विषय बदलला. पण पिठाची गिरणी म्हणजे काय हे आपल्याला माहीत असतं. आधीच्याचं पीठ जात्यात राहतं ते पुढच्याच्या डब्यात येतं. म्हणून तर उपासाची भाजणी दळायला नेली की गिरणीवाला आधी मूठभर टाकून 'साफ' करून देतो. देवाला तेवढं पुरतं. तिसऱ्या दिवशी मावशीचाच फोन आला. घाटावरून एक मास्तर बदलून आला आहे, तो चपाती खातो, शनिवारी त्याचे गहू असतात. हे तिनं आरोप कबूल केल्यासारखं सांगितलं. मग म्हणाली, "म्हणजे आता तुझ्या चेडवाक माझा पीठ चलाचा नाय." मला काय बोलावं सुचेना. सत्तरी ओलांडलेल्या बाईला मी तिच्या हातचं पीठ अपवित्र झालं असं सांगत होते, आणि तेही मास्तराच्या चार पोळ्यांमुळे.

आम्ही घरघंटी घेतली. बाकी घरं ती गव्हासाठी घेतात. आमच्याकडे उलटा कारभार, गहू बाहेर गिरणीत जातो आणि घरघंटीला गव्हाचा वारासुद्धा लागू देत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, डाळी त्यावर. मावशीची नाराजी काही महिने टिकली. पाडव्यानंतर एक पार्सल आलं, त्यात पीठ नव्हतं, अख्खे कुळीथ होते. सोबत चिठ्ठी: खडे आहेत, नीट निवडून घे, भाजताना घाई करू नको. वाटलं, निवळली. पण पुढच्या फोनवर तिनं कुळथाचा विषयसुद्धा काढला नाही, मीही काढला नाही.

लेक इंजिनिअरिंगला बंगळुरूला गेली. खोलीत फक्त विजेची किटली चालते. तिकडे भात, इडली भरपूर, त्यामुळे पोळीवाचून अडत नाही. अडतं ते सांबारातल्या हिंगाला आणि रात्री अकराला लागणाऱ्या भुकेला. मैत्रिणी पाकीट फोडतात, पाणी ओततात, पितात. तिनं मागितलं होतं एवढंच: "आई, नुसतं गरम पाणी घालून पिता येईल असं काहीतरी दे."

मी कामाला लागले. कुळीथ खमंग भाजले, अगदी बारीक दळले, आमसुलाची पूड, लसणाची पूड, जिरं, तिखट, मीठ, तांदळाचा हिंग. दुसऱ्या बरणीत टोमॅटो पावडर, कॉर्नफ्लोअर, दुधाची पावडर, मिरपूड, चिमूटभर साखर. टोमॅटोचं किटलीत उकळल्यावर बरं झालं. कुळथाचं किटलीच्या तळाला असं लागलं की खोलीत दोन दिवस जळका वास होता आणि वॉर्डनबाई येऊन गेल्या. मग आम्ही फोनवरून प्रयोग केले. थर्मासमध्ये आधी थोडं गार पाणी आणि पूड, झाकण लावून हलवायचं, मग उकळतं पाणी ओतायचं, पुन्हा हलवायचं आणि पंधरा मिनिटं विसरायचं. गुठळी होत नाही. कुळीथ कच्चा लागत नाही, कारण भाजताना घाई केलेली नसते.

"छान आहे," ती म्हणाली. मी ओळखते तिचं 'छान आहे'. दोन बरण्या, लेबल नाही, वरती माझ्या अक्षरात चिकटपट्टी. खोलीत कुणी आलं की पहिला प्रश्न, हे काय आहे? मग सुरुवातीपासून सगळं: मला एक आजार आहे, नाही नाही, अ‍ॅलर्जी नाही, डाएट पण नाही, थोडंसंसुद्धा चालत नाही. पाकीट फोडणाऱ्या मुलीला कुणी काही विचारत नाही. मी दोन वर्षं तिच्यासाठी सूप शोधत होते. तिला सूप नकोच होतं फारसं. तिला पाकीट हवं होतं.

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. मुली खाण्याच्या गोष्टींचे फोटो पुढून काढतात, ही मागून काढते. एका छोट्या पाकिटाची मागची बाजू, अंगठ्यानं कडा दाबून सरळ धरलेली. मी झूम केलं. मक्याचं स्टार्च, वाळलेल्या भाज्या, मीठ, साखर, मसाले. सोया सॉस नाही, माल्ट नाही, हायड्रोलाइज्ड काही नाही. खाली 'ग्लुटेन फ्री'. मी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

"घे," मी लिहिलं.

"कधीच घेतलं. पिऊन झालं," तिचं उत्तर आलं. "तू वाचेपर्यंत कोण थांबणार. मी दुकानातच वाचलं होतं."

"कसं आहे?"

"पाणचट."

"मीठ घाल की थोडं."

"आई, पाकिटाचं आहे. पाकिटाचं असंच लागतं."